लोडशीट

माणूस पंचाहत्तर किलोचा धरायचा.
पोर पस्तीस, तान्हं दहा.
प्रत्यक्ष काट्यावर कुणी उभं राहत नाही.
एकोणीस वर्षं मी ही बेरीज करतेय
ग्वाल्हेरच्या विमानतळावर,
बहात्तर आसनांच्या, पंख्यांच्या विमानासाठी.
अजून चुकलेली नाही.

काल रात्री साडेअकराला कॉल लागला.
गुडगावहून टंडन, मुंबईहून विम्याच्या बाई,
आणखी दोघं-तिघं नुसते श्वास घेणारे,
आणि मी, म्यूटवर.
कुणीतरी नकाशा उघडला,
अहमदाबादच्या वाटेपासून सीमा किती लांब ते मोजलं,
पडद्याचं कापड मोजावं तसं.
बाई म्हणाल्या, युद्धजोखमीचा हप्ता
आजपासून दर फेरीला वेगळा.
टंडननी विचारलं, बाकीचे उडतायत?
उत्तर आलं, बाकीचे विचारतायत
आपण उडतोय का.
मग बराच वेळ सगळेच म्यूटवर.

साडेबाराला मेल :
"तूर्तास वेळापत्रक कायम ठेवण्यात येत आहे."
शाळेत तांबेबाई फळ्यावर वाक्य लिहायच्या,
म्हणायच्या, कर्ता शोधा.
मी तीनदा वाचलं.

धावपट्टी इथे एकच, आणि ती हवाई दलाची.
आम्ही बिऱ्हाडकरू.
मालक पहाटे चारपासून ये-जा करत होते,
काउंटरवरचा पेन आपोआप कडेला सरकत होता.
आमचा लोडर रामसेवक, त्याचा भाचा कुंपणापलीकडे.
दोघं एकमेकांना दिसतात,
ड्यूटीवर हात हलवत नाहीत.
आज रामसेवकनं हलवला.
तिकडून काही हललं की नाही, धुरकट होतं.

जीवाजीगंजच्या इंदापूरकर बाई रांगेत पहिल्या.
लेकीला नववा सरत आलेला.
बॅग तीन किलो जास्त, डिंकाचे लाडू.
मी जादा वजनाचे पैसे घेतले.
"विमान तर जातंय ना? पक्कं?"
मी म्हटलं, वेळापत्रक कायम आहे.
"ते मी बोर्डावर वाचलं. तुम्ही सांगा."
मी बोर्डिंग पास दिला.

कॅप्टन पेरिंचेरी आला, लोडशीट पाहिली,
सही केली नाही.
बोलला एवढंच : आठशे किलो इंधन वाढवा.
कशाला?
वाटेतून वळावं लागलं तर. घिरट्या घालाव्या लागल्या तर.
उतरू दिलं नाही तर.

म्हणजे रात्रभर ज्याचा हिशेब लागत नव्हता
त्याला वजन आलं होतं. आठशे किलो.
आता ते बेरजेत बसवायचं
तर कुणीतरी उतरायला हवं.
नियम आहे : सर्वांत स्वस्त तिकीट आधी.
सात माणसं उतरवली आणि एकोणीस बॅगा.
एक मुलगा परीक्षेला निघालेला, काही बोलला नाही,
नुसता माझ्या नावाचा बिल्ला वाचत राहिला.
एक गृहस्थ मात्र हात जोडून म्हणाले, उपकार झाले,
आणि जवळजवळ पळत टॅक्सीकडे गेले.

इंदापूरकर बाई उडाल्या. बॅग राहिली.
दारातून वळून म्हणाल्या,
"लाडू मागाहून धाडा, पोर काही थांबायचं नाही,"
आणि जादा वजनाची पावती
माझ्याकडे न बघता पर्समध्ये ठेवली.

विमान अकरा मिनिटं उशिरा सुटलं.
उशिराच्या कारणाला आकडा लिहावा लागतो.
धुक्याला आहे, टायरला आहे,
धावपट्टीवर नीलगाय आली तर तिलाही आहे.
यादी वरून खाली पाहिली.
मी "इंधन" लिहिलं.

हॉल रिकामा झाल्यावर
बॅग परत काट्यावर ठेवली, उगाच.
अठरा किलो. तुपाचा वास येत होता.
मग ती उतरवून मीच उभी राहिले.
एकसष्ट.
फोन वाजत होता, टंडन असणार.
मी आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होते.