आतलं तांबं

नवतपा लागला की मी रात्री पाचपावलीच्या गल्ल्यांतून
कुलर ऐकत फिरतो.
लोकांना त्या आवाजानं झोप येते,
माझी जाते.

धकाते मोटार वाइंडिंग, गोळीबार चौक.
टिनाचं शेड, वार्निशचा वास, बाहेर शेहेचाळीस,
आणि उस्ताद एकेक वेढा
तोंडातल्या तोंडात मोजणारे.
मधे कोणी बोललं तर नुसतं बोट वर.
आकडा चुकला वाटला तर सगळं उलगडून पुन्हा एकपासून.
"अंदाजे" हा शब्द त्या दुकानात
फक्त गिऱ्हाइकानं वापरायचा.

जुनं जळकं तांबं पुडीत बांधून परत देत.
बाया म्हणत, याचं काय करू भाऊ?
"मोडीत घाला. तुमचं आहे."

मी एकोणीसचा. बहिणीची फी भरायची होती...
नाही, हे कारण मी नंतर जोडलं.
मला बूट हवे होते, बर्डीवरचे, पांढरे.
गांधीबागेत तार मिळे निम्म्या भावात,
वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम.
एकदा वार्निश मारलं
की देवालाही स्क्रू खोलावे लागतील.

चार दिवसांनी उस्तादांनी माझं रीळ उचललं,
तळहातावर जरा तोललं.
"कायले रे?"
एवढंच.

दुपारचे दोन. डोक्याला ओला दुपट्टा,
सायकल काढली, गेले.
आले तेव्हा कॅरिअरवर मोटार,
टॉवेलात गुंडाळलेली, आजारी पोरासारखी.
मागोमाग बाई आली भांडायला.
"माझ्या हातून चूक झाली," तिला म्हणाले.
माझ्या हातून.
मी दारात उभा, पांढऱ्या बुटांत.

रातभर बसून भरली. पगार कापला नाही.
महिनाभर वाट पाहिली मी, कापतील म्हणून.

उस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली.
दुकान आता मी चालवतो. तांब्याचा भाव विचारू नका.
पोट्टे हसतात, "काका, आत कोण पाहते?"
मी मोजत असतो, बोट वर करतो.
पुड्या बांधतो.
लोक म्हणतात, सच्चा माणूस.
मी पान्हा शोधायला खाली वाकतो.

कारण त्या रिळातून
मोटारी दोन निघाल्या होत्या.
दुसरीचं त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
कोणाची, आठवत नाही. हिरवा कुलर होता,
जाळीला चिंधी बांधलेली.
कधीच भंगारात गेला असेल.

तरी एखाद्या खिडकीशी पाय थांबतात.
तापली की ती तार
जरा जड गुणगुणते.
आतून कोणी विचारतं, कोण आहे?
"वाइंडिंगवाला. मोटार बरी चालते ना?"

"चालते की," अंधारातून बाईचा आवाज.
"कायले?"