कानाशी

खारघरच्या डोंगरावर, फणसवाडीच्या अलीकडे,
जिथं डांबर संपतं आणि कुणीतरी रात्रीत ओतलेला
फुटक्या फरशांचा ढीग सुरू होतो,
त्या ढिगातूनच उगवलं होतं.
मांडीएवढं. पिवळं. भलतंच खुशीत.

मी वही काढली.
पान साधं, टोकाशी बारीक खाच,
शिंपी कापडाला खूण म्हणून देतो तशी.
फूल वाटाण्याच्या घराण्यातलं:
वर पताका, तिच्या पाठीवर तांबूस रेघा,
दोन पंख, खाली होडी,
आणि होडीला पोपटाची चोच.
उपपर्णं? भिंगाखाली असून नसल्यासारखी.
मी प्रश्नचिन्ह काढलं.

नामी शीद शेळ्या घेऊन चढत आली.
माझं वाकणं बघून थांबली.
"काय हरवलं?"

नाव, म्हटलं.

तिनं एक काळी पडलेली शेंग तोडली
आणि माझ्या कानाशी हलवली.

"ह्यो खुळखुळा. डोळ्यानं नको बघू,
डोळ्याला समदा तागच दिसतो."

मग एका शेळीला कान धरून मागं ओढत
सांगत राहिली, माझ्याकडे न बघता:
जावेची गाय. गेल्या पौषात.
खालच्या माळाला पत्र्याचं कुंपण पडलं,
चरायला उरलं ते हेच.
तीन दिवस गाय घराला फेऱ्या घालत होती,
एकाच अंगानं.
मधेच थांबायची, कपाळ भिंतीला टेकवायची,
आतून कुणी हाक मारतंय असं.
पनवेलचा डाक्तर आला तो चौथ्या दिवशी.

"खूळ लागतं म्हणून खुळखुळा?"
मला वाटलं, मला सापडलं काहीतरी.

"वाजतो म्हणून," ती म्हणाली.
"गाय खुळी नव्हती. भुकेली होती."

फांदी वर्तमानपत्रात घालून आणली.
अकराव्या मजल्यावर, पलंगाखाली,
वर मिक्सरचं खोकं, त्यावर दोन शब्दकोश.
रात्री कागदात काहीतरी तडकलं.
बायको झोपेत म्हणाली, पाल असेल.

उठून दिवा लावला, चिठ्ठी भरली.
ठिकाण. उंची. तारीख.
जात: (पेन्सिलीनं, अजूनही प्रश्नचिन्ह.)
खूण: वाजते.
ओळख पटवणारे: नामी शीद.

खाली एक ओळ उरली.
तिथं गाईचं नाव लिहावं असं वाटलं,
पण ते विचारायचं राहून गेलं.