गेटपास

‘कारण’ या रकान्यात आजवर लिहिलं :
मुलाचा ताप. सासूबाईंचा डोळा.
गॅसचा नंबर. पुन्हा ताप.
आज लिहिलं, मतदान,
आणि अक्षर जरा मोठंच आलं.

पारेखभाई म्हणाले, बे कलाक, वैजूबेन,
लाइन कुणासाठी थांबत नाही.
कायमवाल्यांना पगारी सुट्टी.
आम्ही ठेक्यावरच्या.

मकरपुऱ्याहून दांडिया बाजार, दोन रिक्षा बदलून.
शाळेच्या व्हरांड्यातली रांग
नळाच्या टाकीला वळसा घालून परत आलेली.
पुढच्या बाईंनी दाराशी चपला काढल्या,
देवळात आल्यासारख्या.
मी नाही काढल्या.
आत पुठ्ठ्याच्या आडोशाला
जरा जास्तच उभी राहिले असेन.
तिथे माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं.

परतायला अकरा मिनिटं उशीर.
अर्धा दिवस कापला.
हातमोजे चढवले. सलाइनच्या बाटल्या
येतच होत्या, येतच होत्या.
शाई आत. कुणाला दिसणार?

महिनाअखेरी पगाराची चिठ्ठी हातात आली
तोवर खालून कोरं नख वाढलं होतं,
शाई वर सरकलेली.
कापलेल्या आकड्यावर
तेच बोट ठेवून
मी दोनदा वाचला.