प्लास्टिकचा पडदा

डुलुथ. जानेवारी. उणे बावीस.
स्वयंपाकघराचा नुसता सांगाडा उरलाय;
फ्रिज सोफ्याशेजारी अवघडून उभा, परक्या घरी आल्यासारखा,
आणि दूध बाहेर, पायरीवरच्या बर्फात खोचलेलं.

सिग्ने बाथटबच्या काठावर बसून बशा विसळते.
इस्त्रीच्या टेबलावर पॅनकेक,
वर साखर की प्लास्टरची भुकटी
ते चाखल्याशिवाय कळत नाही.
मिस्त्री गुरुवारी येतो म्हणाला होता.
कुठल्या, ते नाही.

भिंतच नाही, म्हणून रात्री
पडद्यापलीकडून इवारचं झोपेतलं बडबडणं ऐकू येतं:
“थांब ना, मीपण येतो.”
कुणाला म्हणतो, कोण जाणे.

आज जिप्समचे तक्ते आले.
आर्विड मापं घेतोय, हातमोजे न काढताच.
“हा एवढा शेवटचा,” ती म्हणते,
“उद्या लावू.”
तो का विचारत नाही.
पेन्सिल कानामागे खोचतो.