सोबतचे नातेवाईक

रामकुंडाच्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत,
रिक्षावाल्याला एवढंच माहीत.
दीडशे घेऊन तो गेला,
दहा मिनिटांनी परत आला : मॅडम, सीटखाली हे राहिलं.
तांब्या. तोंडाला लाल फडकं, सुतळीची गाठ.
मी तो काउंटरवर ठेवला, स्टेपलरच्या शेजारी.
मग बरं वाटेना, म्हणून वर, प्रिंटरवर.

फागूलाल डिगरसे, एकाहत्तर, मुलताई.
घरामागे तापीचा उगम,
तरी बायकोला गंगेतच जायचं होतं.
आपण गोदावरीला गंगा म्हणतो
हे तिथवर पोचलंय.

कार्ड होतं. बंडीच्या आतल्या खिशात,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, घामेजलेलं.
पण मध्य प्रदेशचं.
"इथं चालेल का हो?" सिस्टरने विचारलं,
फाटकी नोट उजेडात धरून विचारतात तसं.
चालतं. आरोग्यमित्राचं पाठ वाक्य आहे ते.
चालतं, म्हणजे सर्व्हर चालला तर,
अंगठा लागला तर.
साठ वर्षं माती उकरलेला अंगठा
मशीनला दिसतच नाही.
ओल्या कापसाने पुसून चौथ्यांदा दाबला
तेव्हा कुठे हिरवा दिवा.

स्क्रीनवर कुटुंब उघडलं.
कुटुंबप्रमुख : सुमरतीबाई डिगरसे. वय अडुसष्ट.
स्थिती : हयात.

माउसवर हात तसाच राहिला.
बदलायचं तर मृत्यूचा दाखला, त्यांच्या जिल्ह्याचं ऑफिस,
सोमवार.
आणि आत डॉक्टर म्हणत होते, पहाटेच्या आत स्टेंट.
मी खोटं काही लिहिलं नाही.
मला कुणी विचारलंच नाही.

पुढचा रकाना : सोबतचे नातेवाईक.
स्ट्रेचरवरून त्यांनी मान वळवली,
प्रिंटरकडे पाहिलं.
"ये है ना."

कुंडात अस्थी तीन तासांत विरतात म्हणे.
मंजुरीला पाच लागले.
द्वारका चौकात रात्रभर ट्रक गिअर बदलत होते,
मी दर दहा मिनिटांनी पान रिफ्रेश करत होते,
आणि कधीतरी, का कोण जाणे,
प्रिंटर गरम होतो म्हणून
तांब्याखाली माझा रुमाल घातला.

आठला रोहिदास आला. चार्ज दिला :
दोन फाईली पेंडिंग, शाई संपत आलीय,
डिगरसे आयसीयूत, बोलतायत.
आत बाहेरच्या वस्तू चालत नाहीत, तेव्हा हा इथेच.
नीट सांभाळ.

"काय आहे यात?"

कार्ड यांच्या नावावर आहे, मी म्हणाले.