पिनकोडचा सहावा आकडा

सातबारा, डोमिसाइल, रेशनकार्डावर नवं नाव चढवणं,
होडीच्या लायसनचं नूतनीकरण,
अकरा वर्षं मी नाटे नाक्यावर
लोकांच्या वतीनं रकाने भरतोय.
पण परदेशातल्या युनिव्हर्सिटीचा अर्ज
दुकानात पहिल्यांदाच आला,
रुमाना सोलकरच्या दप्तरातून,
चार घड्यांच्या कागदावर पासवर्ड लिहून.

पहिल्याच पानावर अडलो.
रस्त्याचं नाव: सक्तीचं, शेजारी लाल चांदणी.
त्यांच्या घराला रस्ता नाही.
बर्फाच्या फॅक्टरीमागून, जाळी वाळत घातलेल्या अंगणांतून
जी पायवाट जाते
तिला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.
पिनकोडला तर पाचच घरं,
आपले आकडे सहा.
‘शेवटचा सोडून द्या,’ ती म्हणाली.
शेवटचाच तर आपल्या पोस्टाचा,
बाकीचे आजूबाजूच्या साऱ्या गावांचेही.
मी सोडला.

वडिलांचं वार्षिक उत्पन्न, डॉलरमध्ये.
लतीफभाई जेटीवरून तसेच आले, कोपरापर्यंत खवले.
म्हणाले, आमची पाती.
होडीला गावलं तर आम्हाला,
नाही गावलं तर डिझेल अंगावर.
कुठल्या वर्षाचं सांगू?
अर्जाला एकच आकडा हवा होता,
स्वल्पविरामाशिवाय.

मग निबंध, साडेसहाशे शब्द, स्वतःविषयी.
मी माझं इंग्रजी पाजळलं:
जग बदलायचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे, वगैरे.
तिनं ते शांतपणे खोडलं, एकेक अक्षर मागे घेत,
आणि लिहिलं जेटीच्या तिसऱ्या खांबाबद्दल,
ज्यावर दोन वर्षं ती पाण्याची रेघ मारते
आईच्या नेलपॉलिशनं,
उधाणाला लाल, भांगाला गुलाबी.
पुळण किती सरकली, त्याची वही वेगळी.
‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्यात
मी ‘नाही’वर नेलेला बाण
तिनं माझ्या हातातून माऊस घेऊन ‘आहे’वर आणला.

मुदत तिथल्या मध्यरात्रीची,
म्हणजे इथे सकाळी साडेदहा,
लिलाव आटोपून जेटी धुताना.
साडेनऊला रेंज गेली.
स्कूटरवर मागे ती, तिच्या मांडीवर लॅपटॉप,
घाटी चढून सड्यावर गेलो.
जानेवारीचं पिवळं गवत, कातळ, एक गाय.
मोबाईलच्या दोन काड्यांवर
चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग पडद्यावर रंगीत कपटे उधळले, आवाज न करता.
दहा वाजून बावीस.
गाईनं वर पाहिलं नाही.

मार्चात उत्तर: वेटिंग लिस्ट.
लतीफभाईंनी विचारलं, ‘कितवा नंबर?’
नंबर सांगत नाहीत, मी म्हटलं.
‘राजापूर रोडला तरी सांगतात.
चाळीस असला तर माणूस डबा बांधून निघतो.’
त्यावर काय बोलणार.

मेअखेर एक जाड पाकीट आलं,
तीन पोस्टांचे शिक्के,
पाच आकड्यांवर गावोगाव फिरलेलं.
पोस्टमन वैतागला होता,
‘पिन अर्धवट कुणी घातला?’
मी स्टेपलरमध्ये पिना भरत राहिलो.

आत निर्णय नव्हता. माहितीपुस्तक होतं,
गुळगुळीत, कव्हरवर तळं,
काठच्या हिरवळीवर हसणारी मुलं.
रुमानानं तळ्याचा काठ बोटानं तपासला
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
‘ह्याला ओल चढल्याची खूणच नाही,’ म्हणाली,
‘पाणी भरतंय की ओसरतंय, कळायचं कसं?’

मग बिल विचारलं.
निकालावर घेईन, असं मी म्हटलं होतं.
पानाला वीस रुपये, सतरा पानं,
पेट्रोल धरलं नाही.
तिनं मोजून ठेवले, पुस्तक दप्तरात कोंबलं
आणि घाईत निघाली.
दोनला भरती होती,
आणि बाटलीत लाल थोडाच उरला होता.