सत्तेचाळीस

बँडचं नाव रोनीनं ठेवलं, मे महिन्यात,
हिंगण्याच्या शेडमध्ये, जिथं निकेशचे काका
कूलर दुरुस्त करायचे.
पत्र्याखाली अँप तापून वास मारत होता
आणि रेडिओवर बाई शांतपणे म्हणाली,
कमाल तापमान सत्तेचाळीस.
"झालं बे," रोनी म्हणाला. "सापडलं."

तेव्हा केस लांब होते आणि जोराची फॅशन.
मग उदास असण्याची आली.
आम्ही चौकटीचे जाड शर्ट घातले, एप्रिलात.
निकेश म्हणाला, उदासीचं समजतं मला,
पण बाह्या तं कापू दे.

मुंबईहून लेबलचा माणूस आला, जूनमध्ये,
आल्या आल्या संत्री मागितली.
म्हणाला, दुकानात खण असतात,
तुम्हाला कुठल्या खणात ठेवू?
रॉक म्हणावं तर मराठी,
फ्यूजन म्हणावं तर तबला कुठंय?
तबला आणला. महालातला एक सालस मुलगा
दोन महिने बसला आमच्यात.
निकेशच्या झांजांपुढं त्याची बोटं
नुसती दिसायची.

नावाचा अर्थ त्यानं विचारला नाही, ताडला.
सत्तेचाळीस! वा! फाळणी! स्वातंत्र्य!
पंधरा ऑगस्टला सीडी निघाली,
कव्हरवर काटेरी तार, तिरंगी धूर.
आमचं ते गाणं,
ज्यात वर्धा रोडचं डांबर वितळतं
आणि चप्पल चिकटून मागं राहते,
चॅनेलवर सीमेच्या दृश्यांखाली वाजलं.
लोक रडले म्हणे.
बर्डीवर टीव्हीच्या दुकानाबाहेर
आम्ही ते उभ्यानं पाहिलं.
रोनी आपल्या पायांकडं बघत होता.
चेक आला, तो वटवला.
हेही लिहून ठेवलं पाहिजे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
ट्यूनर घ्यायला पैसे नव्हते,
म्हणून मी बास लावायचो
काकांच्या मोठ्या कूलरच्या घरघरीला.
स्टुडिओत ती घरघर काढून टाकली, नीट, पुसून.
गाणं बेसूर झालं नाही.
फक्त कशाशी सुरात होतं, ते गेलं.

पुढच्या अल्बमला ड्रमऐवजी मशीन ठरलं.
निकेश काही बोलला नाही,
काकांच्या हाताखाली पंप बसवू लागला.
रोनी दुबईला. लेबल कुणीतरी विकत घेतलं,
त्याला पुन्हा कुणीतरी.

परवा फोन आला. मुलीचा आवाज, चोवीस-पंचवीसची.
सर, जुनं चालतंय सध्या.
पंधरा सेकंद हवेत फक्त.
पण ते सीडीवरचं नको, फार स्वच्छ आहे.
मागं थोडी खरखर, घरघर असलेलं
काही आहे का तुमच्याकडे?

शेडवरची कॅसेट आहे माझ्याकडे.
घेऊन निकेशकडं गेलो. तो खसची जाळी बांधत होता,
दातांत सुतळी.
हसला, मग हसता हसता थांबला.
"काऊन बे, मले मशीन लावलं
अन् कूलरले घेऊन राह्यले?"

चहा झाला. त्यानं मोठा कूलर सुरू केला,
तोच, तीनदा मोटर बदललेला.
सूर आता किंचित वर गेलाय.
मी बास नेला नव्हता. तरी बोटांनी
हवेत खुंटी पिळली, जरा.

कॅसेट अजून पिशवीतच आहे.
मुलगी रोज मेसेज करते.
"आज किती?" मी विचारलं.
"पंचेचाळीस," निकेश म्हणाला.
"दोन बाकी आहेत."